बाल्कनीतली पाहुणी

केदारचा कान खालून वर लाल होत जातो. आधी पाळी, मग मागची कड आणि शेवटी वरचं टोक. डावा कान नेहमी आधी. उजवा त्याच्या मागून, जरा संकोचानं आल्यासारखा. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे घरातल्या माणसांकडेही निरखून पाहायची मला सवय लागली आहे आणि धाकट्या भावाच्या कानांचं निरीक्षण मी बरीच वर्षं करत आले आहे. थंडीनं त्याचे कान लाल होत नाहीत. रागानंही नाही. ठेच्यानं होतात, पण मग दोन्ही एकदम. डावा आधी आणि उजवा नंतर, हा क्रम एकाच कारणानं घडतो. समोर देखणी बाई आलेली असते.

केदार अमरावतीतल्या एका बँकेत काउंटरवर बसतो. पेन्शनवाले आजोबा, भातकुलीकडून सोयाबीनचे पैसे काढायला आलेले शेतकरी, मोठ्या आवाजात भांडणाऱ्या मावश्या, कुणालाही तो घाबरत नाही. पण एखादी सुंदर तरुणी खिडकीशी आली, की तो "सर्व्हर डाऊन आहे" असं म्हणून उठून जातो. शेजारच्या काउंटरवर तोच सर्व्हर सुरळीत चालू असतो. केदारच्या कॉम्प्युटरमध्येच दोष आहे अशी साहेबांची इतकी खात्री झाली होती, की त्यांनी त्याला नवा कॉम्प्युटर मंजूर करून दिला.

हे असंच चालू राहिलं असतं तर कुणाचं फारसं बिघडलं नसतं. पण दिवाळीनंतर आम्ही अकोल्याला ताराला पाहायला गेलो.

तारा गुरांची डॉक्टर आहे. मी सहसा विशेषणं वापरत नाही. ती अतिशय सुंदर आहे. ती चहाचा ट्रे घेऊन आली, केदारच्या बरोबर समोरच्या खुर्चीवर बसली आणि सरळ त्याच्याकडे पाहून म्हणाली, "तुम्हाला काही विचारायचंय का?"

मी कानांकडे पाहिलं. डावा पूर्ण झाला होता आणि उजवा निम्म्यावर आला होता.

"सध्या सर्व्हर डाऊन आहे," केदार म्हणाला.

ताराचे वडील देवीदासराव हातातल्या बिस्किटाकडे पाहत राहिले. आणि मग तारा हसली. ओठ दाबून नाही; खुर्चीला पाठ टेकून, चांगली मोठ्यानं. आईनं घाईघाईनं पदर सावरला आणि आपल्याकडे अशा वेळी जे म्हणतात ते म्हटलं, "घरी जाऊन कळवतो."

आमच्याकडे "कळवतो" म्हणजे बहुधा नाहीच. मुलाकडच्यांनी जागच्या जागी उत्तर द्यायचं नसतं. हलकेपणा दिसतो म्हणे. म्हणून लोक घरी जातात आणि कळवत नाहीत. न कळवण्यावरून पलीकडच्यांना काय ते कळतं.

पण परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडल्यावर केदार पहिल्यांदा बोलला. "ताई, मले ते पोरगी आवडली."

आईनं दुसऱ्याच दिवशी होकाराचा फोन लावला. उत्तर आलं ते असं, की होकार असो वा नकार, तो मुलानं स्वतः येऊन, समोर बसून सांगायचा. फोनवर नाही आणि मध्यस्थाकरवी तर नाहीच. याआधी दोन ठिकाणांहून ताराला होकार आला होता, आणि दोन्ही वेळा मुलगा तिच्याशी एक वाक्यही बोलला नव्हता. नागपूरचं एक स्थळ मागे लागलं होतं. संक्रांतीपर्यंत ती वाट पाहणार होती.

"लिहून दिलं तर चालंल का?" केदारनं विचारलं.

"समोर बसून लिहिशील?"

त्याचा डावा कान नुसत्या कल्पनेनंच गुलाबी झाला.

मी ठरवलं, की हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीनं सोडवायचा. गोगलगाईच्या शिंगाला हळूच स्पर्श केला तर ती शिंग आत ओढून घेते. पुन्हा पुन्हा केला, तर काही वेळानं ओढेनाशी होते. धोका नाही हे तिच्या लक्षात येतं. गोगलगाईला जे जमतं ते बँक कर्मचाऱ्याला न जमायला काही कारण नव्हतं.

प्रयोगाची सुरुवात सौम्य ठिकाणापासून करायची असते. म्हणून मी केदारला विचारलं, की कुठल्या बाईसमोर त्याला सगळ्यात कमी भीती वाटते. त्यानं कॉलनीतल्या एकेका बाईचा प्रामाणिकपणे विचार केला, पण एकही नाव पक्कं होईना.

"आणि मी?" मी विचारलं. निव्वळ शास्त्रीय कुतूहलानं.

"तू कायले?" तो म्हणाला. "तू तं ताई हायेस."

उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं. तरी मी त्या संध्याकाळी आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिले, हे नमूद केलेलं बरं.

एव्हाना आईनं ही गोष्ट विश्वासानं शेजारच्या सत्यभामाकाकूंच्या कानावर घातली होती. म्हणजे संपूर्ण अपार्टमेंटला कळवण्याची व्यवस्था झाली होती. सल्ले येऊ लागले. काकूंनी मीठमोहऱ्यांनी केदारची दृष्ट काढली आणि वर सांगितलं, की पोरीच्या तोंडाकडे पाहायचंच नाही, पायाकडे पाहून बोलायचं. त्यांचे यजमान चिंतामणराव तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले आणि आमच्या सोसायटीचे सचिव. ते म्हणाले, "मी तं आमच्या हिले लग्नाच्या दिवशीच पाह्यलं. त्याच्या आधी पाह्यलं असतं तं..." पुढचं वाक्य काकू आत आल्यामुळे अपूर्ण राहिलं.

उपयोगी सल्ला दिला तो तळमजल्यावरच्या आबेदाआपांनी. जवाहर गेटच्या आत त्यांचं लग्नाच्या कपड्यांचं दुकान आहे.

"वरातीच्या घोड्याले पाह्यलं ना तू?" त्या म्हणाल्या. "नवा घोडा बँड ऐकला का उधळते. मग त्याले काय करतात? बँडवाल्याच्या घराजवळ बांधतात. आठ दिवसांत आदत होते. तुमच्या केदारले बी कोणाजवळ तरी बांधा."

"पण कोणाजवळ, आपा?"

आपांनी थोडा विचार केला. "अलीझा घेऊन जा."

अलीझा म्हणजे त्यांच्या दुकानाच्या काचेतली डमी. दुकानातल्या मुलींना कुठलीला काय नेसवायचं ते नीट कळावं म्हणून आपांनी सगळ्या डमींची नावं ठेवली आहेत. अलीझा त्यांतली सगळ्यात सुंदर. लांब मान, अर्धवट मिटलेले डोळे आणि ओठांवर, आपलं सगळं माहीत असल्यासारखं हसू. मला ती पाहताक्षणी योग्य वाटली. फक्त आपांनी तिचा शालू उतरवून द्यायला साफ नकार दिला. "लडकी जात है. तशी कशी पाठवू मी भर बाजारातून?"

म्हणून गुलाबी शालू, नथ आणि गजऱ्यासकट अलीझा माझ्या स्कूटरवर मागे बसली. तिचे गुडघे वाकत नसल्यामुळे ती बसली म्हणण्यापेक्षा माझ्या पाठीला टेकून तिरपी उभी होती. केदार सोबत यायला तयारच नव्हता. तो पुढच्या चौकातून चालत निघाला होता. राजकमल चौकात ट्रॅफिक पोलिसानं मला हात केला.

"मावशी, मागच्या मॅडमचं हेल्मेट कुठं हाय?"

मी माणसाच्या बोलण्याचे तपशील लक्षात ठेवते. मी मावशी होते. अलीझा मॅडम होती.

"ती डमी आहे," मी म्हणाले.

त्यानं जवळ येऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "तरी बी पडल्या तं लागंल ना त्यायले." आणि आम्हाला सोडलं.

अलीझाला आधी हॉलमध्ये ठेवलं होतं. संध्याकाळी देवळातून परतलेल्या आईनं दार उघडलं, "अगं बाई, केव्हा आलात?" असं म्हणत आत जाऊन पाणी आणलं, आणि अलीझानं पेला घेतला नाही म्हणून ती मनातून दुखावली. खरं कळल्यावर ती जास्त चिडली. टीव्हीच्या बाजूला एक नवरी उभी असताना मालिकेत लक्ष लागत नाही, असं तिचं म्हणणं पडलं. म्हणून अलीझाची रवानगी बाल्कनीत झाली. केदार सकाळचा चहा तिथेच घेई, तेव्हा प्रयोगात खंड पडणार नव्हता.

आणि प्रयोग सुंदर चालला होता, हे मला सांगितलंच पाहिजे. सुरुवातीला तो चहा घेऊन बाल्कनीच्या दारापर्यंत जाई आणि तिथूनच परत येई. मग पाठ करून बसू लागला. मग तिरपा. पुढे एकदा मी स्वयंपाकघरातून ऐकलं, तो तिला मुदत ठेवीवरच्या व्याजाचे नियम समजावून सांगत होता. दोन्ही कान स्वच्छ होते. मला वाटलं, आपण जिंकलो.

माझं एका गोष्टीकडे लक्ष गेलं नाही. बाल्कनी रस्त्यावरून दिसते.

चिंतामणराव आले ते हातात कागद घेऊनच. "मॅडम, तुमच्या इथं एक बाई येऊन राह्यली. सोसायटीले कळवलं नाही. पोलीस पडताळणीचा फॉर्म भरला नाही. माह्यावर जबाबदारी येते."

"काका, ती बाई नाही. डमी आहे."

"आमच्या हिनं स्वतः पाह्यलं. केदार तिच्याशी बोलून राह्यला होता."

मी त्यांना बाल्कनीत नेलं. त्यांनी अलीझाच्या हाताला बोट लावून पाहिलं आणि घाईनं मागे घेतलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर तहसील कार्यालय उतरलं.

"ठीक आहे. मंग तसं लिहून द्या."

"कसं?"

"का सदर बाई ही बाई नाही. दोन साक्षीदार लागतील. अन् बाई नाही तं सामान हाय, सामान हाय तं बाल्कनीत ठेवाले मनाई हाय. नियम बारा."

मी लिहून दिलं. 'सदर महिला ही अस्तित्वात नसून' अशी सुरुवात असलेल्या मजकुराखाली मी, एम.एस्सी., सही केली. साक्षीदार म्हणून आईनं आणि आबेदाआपांनी सह्या केल्या; आपांनी पुढे कंसात 'मालकीण' लिहिलं. त्यामुळे चिंतामणरावांच्या मनात नव्या शंका उत्पन्न झाल्या.

दरम्यान मी प्रयोगाची पुढची पायरी घेतली. केदारला आपांच्या दुकानात पाठवलं. तिथे अफिफा नावाची तरुण, हसरी, देखणी मुलगी काउंटरवर असते; तिच्याकडे आईसाठी एक रुमाल मागायचा, एवढंच काम. तो आत गेला. अफिफा म्हणाली, "बोला दादा, काय दाखवू?" तो म्हणाला, "सर्व्हर डाऊन आहे," आणि बाहेर पडण्याच्या घाईत कपडे बदलायच्या खोलीत शिरला. तिथून निघायचं त्याला धैर्य होईना. शेवटी आपांनी अफिफाला चहा आणायला पाठवलं आणि त्याला सोडवलं.

माझी चूक उघड होती. गोगलगाय एका काडीला सरावते, जगातल्या सगळ्या काड्यांना नव्हे. केदार सुंदर स्त्रियांना सरावला नव्हता; तो अलीझाला सरावला होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं ही चूक केली असती तर मी त्याचे गुण कापले असते.

हे दुःख पचायच्या आत अकोल्याहून फोन आला. सत्यभामाकाकूंची बहीण देवीदासरावांच्या गल्लीत राहते. बाल्कनीपासून त्या गल्लीपर्यंत बातमी कशी गेली ते सांगायला नको. तिथे पोचली तेव्हा ती अशी होती, की केदारच्या घरी एक बाई येऊन राहिली आहे, दिवसभर नटून उभी असते, कामाला हात लावत नाही, आणि घरच्यांनी ती घरात नसल्याचं लेखी दिलं आहे.

"आता तुमीच सांगा, आमी काय समजायचं?" देवीदासरावांनी आईला विचारलं. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. "नागपूरवाले रविवारी येऊन राह्यले."

आम्ही शनिवारी निघालो. अलीझाला सोबत न्यायची कल्पना चिंतामणरावांची. "पुरावा समोर ठेवा. कागदावर कोणी विश्वास ठेवत नाही," असं ते म्हणाले; आयुष्यभर कागदांवर जगलेल्या माणसाचं हे मत मला वजनदार वाटलं. गाडीत पुढे केदार आणि आई, मागे मी आणि अलीझा. ती सीटवर मावत नसल्यामुळे तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्यानं खिडकीतून डोकावून हळू आवाजात विचारलं, "काकू, नवरीची तब्येत बरी नाही का? लिंबू देऊ?"

मी लिंबू घेतलं. समजावून सांगण्याची शक्ती माझ्यात उरली नव्हती.

आमच्यातल्या कुणाच्याही लक्षात न आलेली गोष्ट अकोल्यात गाडीचं दार उघडल्यावर लक्षात आली. मुलगा मुलीच्या दारात आला होता, आणि त्याच्या गाडीतून शालू नेसलेली नवरी उतरत होती. समोरच्या ओट्यावरची बाई सूप तसंच टाकून आत पळाली. देवीदासराव दारात उभे होते. त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "बाप्पा!"

"डमी आहे, डमी!" आई ओरडली. ती अलीझाला कमरेत धरून हलवून दाखवू लागली, तशी अलीझाचा डावा हात निखळून अंगणात पडला. समोरच्या घरातून किंकाळी आली.

तेवढ्यात फाटकातून स्कूटी आत आली. तारा कामावरून येत होती. पायांत गमबूट, बाहीवर वाळलेलं काहीतरी. कुठल्याशा म्हशीचं बाळंतपण अडलं होतं. तिनं हात उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि एका झटक्यात खांद्यात परत बसवला.

"सांधा सैल आहे फक्त," ती म्हणाली. "कोण या?"

मी सगळं सांगितलं. गोगलगाय, घोडा, नियम बारा, काहीही लपवलं नाही. सांगताना माझ्या लक्षात आलं, की गेले काही आठवडे मी शास्त्राच्या नावाखाली काय काय केलं होतं. तारा हसली नाही. ती केदारकडे पाहत होती. तो अंगणाच्या टोकाला, तुळशीच्या पलीकडे उभा होता आणि त्याचे दोन्ही कान जास्वंदीसारखे झाले होते.

देवीदासरावांनी बैठकीत खुर्च्या मांडल्या. पुन्हा तशाच, समोरासमोर.

"तिथं नको, बाबा," तारा म्हणाली. "बुजलेल्या जनावरासमोर उभं राहून कोणी डोळ्यांत डोळे घालतं का? ते लाथच मारणार." मग केदारला म्हणाली, "तुरीच्या शेंगा आल्या आहेत शेतातून. रात्रीच्या भाजीले सोले काढायचे आहेत. येता का सोलायले?"

मागच्या अंगणात चटई होती आणि तिच्यावर ओल्या शेंगांचा ढीग. ती बसली. केदार तिच्या शेजारी, ढिगाच्या या बाजूला बसला. दोघांची तोंडं भिंतीकडे. मी आणि आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिलो. मी निरीक्षणासाठी, आई निखळ काळजीपोटी.

ताराच्या पुढे दाण्यांचा ढीग झाला, केदारच्या पुढे मूठभरच.

"तुमी लय हळू सोलता," तारा म्हणाली.

"दाणा दुखावतो घाईनं," केदार म्हणाला.

आईनं माझा हात घट्ट धरला. पूर्ण वाक्य होतं, आणि त्यात सर्व्हर नव्हता.

"मले एक सांगा," ती म्हणाली, हातातल्या शेंगेकडे पाहत. "तुमाले नेमकी कशाची भीती वाटते? मी काही चावत नाही."

केदारनं दोन-तीन शेंगा सोलल्या. "मले वाटते, आता माहा निकाल लागणार. तुमच्यासारखं कोणी समोर आलं का वाटते, यायनं मले पाह्यलं अन् नापास केलं. मंग निकाल लागायच्या आतच मी उठून जातो."

हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. मी त्याचे कान पाहत आले होते.

"अन् मले काय वाटत असंल?" तारा म्हणाली. "कॉलेजात सोबतची पोरं मास्तरले प्रश्न विचारत, शेजारच्या पोरीले विचारत, मले नाही. एक तं लोक पळतात, नाही तं नुसते पाहत बसतात. म्हशीचा मालक तेवढा धड बोलते, कारण त्याचं लक्ष म्हशीकडं असते. तुमी दिवाळीनंतर ते सर्व्हरचं बोलले ना, तं मले वाटलं, चला, कोणी तरी खरं बोललं."

"मी खोटं बोललो होतो. तिथं सर्व्हर नव्हताच."

आता ती तशीच हसली, पहिल्या भेटीसारखी, मोठ्यानं. आणि केदारही हसला. हसताना त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. मी कानांकडे पाहिलं, आणि मग पाहायचं सोडून दिलं. ते बघणं मला एकदम आगाऊपणाचं वाटलं.

देवीदासराव मागच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात फोन होता. "तारा, नागपूरवाले विचारून राह्यले, उद्या किती वाजता यायचं. काय सांगू?"

तारा शेंग सोलत राहिली, पण आता फारच हळू.

आईनं खिडकीतून पुढे होऊन तोंड उघडलं. ती 'घरी जाऊन कळवतो' म्हणणार हे मला ठाऊक होतं, आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच.

केदार उठला. मांडीवरची टरफलं चटईवर सांडली. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो पुन्हा खाली बसला. या खेपेला तिच्या शेजारी नाही, तिच्या समोर. भिंतीला पाठ, आणि नजर सरळ तिच्या डोळ्यांत.

"तारा," तो म्हणाला, एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या ओट्यालाही ऐकू जावं, "मले तुमच्याशी लग्न करायचं आहे. तुमाले विचार करायले वेळ पाह्यजे असंल तं घ्या. तोवर मी शेंगा सोलतो."